भांडी घासून ठेवलेली होती

(पुढे ‘द लाइटहाउस’, ‘द व्हॅनिशिंग’ आणि ‘द लाइट बिट्वीन ओशन्स’ यांची कथा उघड होते. पाहायचे-वाचायचे राहिले असतील तर आधी ते उरका.)

दर वर्षा-दोन वर्षांनी आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक येते. कुठल्याशा छोट्या बेटावरच्या दीपस्तंभाची देखभाल करायला माणसं हवी आहेत, राहायला घर मिळेल, भोवती समुद्र. दहा मिनिटांत ‘चला, राजीनामा टाकू’ सुरू होतं. २०१९ साली फिरली ती ईस्ट ब्रदर बेटाची बातमी. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं एवढंसं बेट, त्यावर १८७०च्या दशकातला दीपस्तंभ आणि तिथेच चालणारं पाच खोल्यांचं अतिथीगृह. ते सांभाळणाऱ्या जोडप्याला मिळून वर्षाला सुमारे १ लाख ३० हजार डॉलर. ग्रुपवर सगळ्यांनी आकड्याचे रुपये करून पाहिले.

बातमीत खाली अटी होत्या. दोघांपैकी एकाकडे बोट चालवण्याचा व्यावसायिक परवाना हवा. पाहुण्यांना किनाऱ्यावरून आणायचं, परत सोडायचं, रात्रीचं जेवण करायचं, सकाळचा नाश्ता करायचा, खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या. पाणी साठवलेलं, म्हणजे तेही जपून वापरायचं. ग्रुपवर या भागाबद्दल कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. माझ्या डोक्यात एक खिडकी होती, बाहेर खवळलेला समुद्र, हातात पुस्तक आणि मोबाइलला रेंज नाही.

ही खिडकी माझ्या डोक्यात कोणी बसवली? दीपस्तंभावर राहणारा एकही माणूस मला माहीत नाही. जे काही माहीत आहे ते सिनेमांतून आणि पुस्तकांतून आलेलं. म्हणून गेले काही महिने मी हे सिनेमे आणि पुस्तकं परत पाहिली, परत वाचली. यावेळी प्रश्न एकच ठेवला होता: यातली माणसं दिवसभर करतात काय?

मराठीत तर हा प्रश्न विचारायची सोयच नाही. आपल्याकडे दीपस्तंभ हा शब्द निवृत्तीच्या भाषणात वापरायचा असतो. सर म्हणजे आमच्या आयुष्यातले दीपस्तंभ, टाळ्या, शाल, श्रीफळ. या वाक्यातला स्तंभ आपोआप पेटतो. त्याच्या काचा कोणी पुसत नाही, जिन्यावरून तेल कोणी वर नेत नाही. दुसरा शब्द आहे, दीपगृह. त्यात निदान घर आहे. घर म्हटलं की चूल आली, मोरी आली, आज भांडी कोणाकडे हे आलं. अलिबागजवळ थळच्या समोर खांदेरीवर १८६७ पासून दिवा आहे. आपण तिथे जातो ते किल्ला बघायला, वेताळाला नमस्कार करायला आणि फोटो काढायला. तो दिवा रोज रात्री लागावा म्हणून दीडशे वर्षं तिथे कोण राहिलं, काय जेवलं, हे विचारायचं मला तरी कधी सुचलं नव्हतं.

फ्लॅननचं स्वयंपाकघर

दीपस्तंभाच्या गोष्टींचा खजिना म्हणजे स्कॉटलंडची फ्लॅनन बेटं. लुईस बेटाच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये. त्यातल्या सगळ्यांत मोठ्या, आयलन मोर नावाच्या बेटावर ७ डिसेंबर १८९९ला दिवा सुरू झाला. पुढच्याच डिसेंबरात तिथले तीन रखवालदार नाहीसे झाले: जेम्स ड्युकॅट, थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकार्थर. मॅकार्थर तर कायमचा नोकरही नव्हता. आजारी सहकाऱ्याच्या बदली आला होता.

बदलीची बोट २० डिसेंबरला यायची होती. हवामानामुळे ‘हेस्परस’ हे जहाज पोचलं २६ला. जोसेफ मूर हा रखवालदार एकटा वर चढला. शेगडी कित्येक दिवस पेटलेली नव्हती. बिछाने रिकामे होते. बेटावर कोणी नव्हतं.

त्यानंतर अधीक्षक रॉबर्ट म्युरहेड चौकशीला आला. त्याचा ८ जानेवारी १९०१चा अहवाल मी दोनदा वाचला. पहिल्यांदा रहस्यासाठी वाचला, दुसऱ्यांदा माझ्या प्रश्नासाठी. दुसऱ्या वाचनात वेगळ्याच गोष्टी दिसल्या. पाटीवरची शेवटची नोंद १५ डिसेंबर, सकाळी ९ची. दिव्याची वात नीट केलेली. तेलाची भांडी भरलेली. भिंग आणि यंत्र पुसलेलं. स्वयंपाकघरात भांडी घासून ठेवलेली, ओटा आवरलेला. म्हणजे ज्याच्याकडे स्वयंपाकाची पाळी होती त्याचं काम संपलं होतं, असा म्युरहेडचा निष्कर्ष. पश्चिमेच्या धक्क्याकडे वादळाने नासधूस झाली होती. समुद्रापासून ११० फूट उंचीवर ठेवलेली दोरखंडांची पेटी फुटून दोर खाली पसरले होते. दोघांचे बाहेर जायचे बूट-कोट जागेवर नव्हते. मॅकार्थरचा कोट मात्र खुंटीवरच होता. म्युरहेडच्या मते ते तिघं दोरांची पेटी सुरक्षित करायला खाली गेले असावेत आणि एका अजस्र लाटेने त्यांना ओढून नेलं.

सामान वाचवायला गेलेली माणसं. तिसरा तर बहुतेक कोट न घालता धावला. एखादा कादंबरीकार यावर चारशे पानं लिहू शकला असता. त्याऐवजी पुढे जे झालं ते असं.

१९१२ साली विल्फ्रिड विल्सन गिब्सन या इंग्रज कवीची ‘फ्लॅनन आइल’ ही कविता प्रसिद्ध झाली. तिच्यात टेबलावर जेवण वाढलेलं आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही आणि एक खुर्ची उलटी पडली आहे. कविता म्हणून ती जमलेली आहे, अंगावर काटा आणते. पण ते ताट आणि ती खुर्ची गिब्सनची आहे. अहवालात तसं काही नाही. आज इंटरनेटवर फ्लॅननचा कुठलाही व्हिडिओ उघडा, उलटी खुर्ची पुरावा म्हणून समोर येते. घासलेल्या भांड्यांची जागा उष्ट्या न झालेल्या ताटाने घेतली, आणि त्या एका बदलाने गोष्टीचा अर्थच फिरला. घासलेली भांडी सांगतात की सकाळ रोजच्यासारखी होती. वाढलेलं ताट सांगतं की काहीतरी अमानवी आत आलं होतं.

दुसरी भर नोंदवहीची. एका सनसनाटी अमेरिकन मासिकातून बनावट नोंदी पसरल्या: भयानक वादळ, ड्युकॅट चिडलेला, मॅकार्थर रडतोय, सगळे प्रार्थना करताहेत. मी संगणकाच्या यंत्रणा सांभाळतो, लॉग वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. हे वाचून मला आधी हसूच आलं. कनिष्ठ माणूस सरकारी वहीत लिहील का, की साहेब आज चिडलेले आहेत? तीच वही उद्या साहेब वाचणार. नोंदवहीत वाऱ्याची दिशा असते, दाब असतो, दिवा लावल्या-विझवल्याची वेळ असते. तिचा कंटाळवाणेपणा हाच तिच्या खरेपणाचा पुरावा. ज्याने त्या बनावट नोंदी लिहिल्या त्याने कधी नोंदवही भरली नसावी. ज्या लाखो लोकांनी त्या पुढे पाठवल्या, त्यांना वहीत रडणंच हवं होतं.

२०१८च्या ‘द व्हॅनिशिंग’ या चित्रपटाने तर हद्द केली. जेरार्ड बटलर आणि पीटर मुलन यांची कामं चांगली आहेत, समुद्र थंडगार दिसतो. बेटावर सोन्याची पेटी येते, मागोमाग तिचे मालक, मग खून, मग एकमेकांचे खून. थरारपट म्हणून चालून जाईल. पण यातल्या माणसांची नावं काय आहेत? जेम्स ड्युकॅट, थॉमस मार्शल, डोनाल्ड मॅकार्थर. खऱ्या ड्युकॅटच्या मागे बायको आणि चार मुलं राहिली. मॅकार्थरच्या मागे बायको आणि दोन मुलं. दोर वाचवायला जाऊन बुडालेल्या माणसांना, त्यांच्याच नावानिशी, सोन्यासाठी खून करणारे ठरवलं गेलं. शतक उलटलं म्हणून मेलेल्या माणसाची अब्रू सार्वजनिक मालमत्ता होते का? नावं बदलणं अजिबात अवघड नव्हतं. एमा स्टोनेक्सने ‘द लॅम्पलायटर्स’ (२०२१) या कादंबरीत याच घटनेचा धागा घेतला, पण जागा बदलली, काळ १९७२चा केला, माणसं स्वतःची घडवली आणि मागे राहिलेल्या बायकांना बोलू दिलं. कल्पनाशक्तीला त्याने काही कमी पडलेलं नाही.

कोळसा, चुना आणि शेवंडं

आता रॉबर्ट एगर्सच्या ‘द लाइटहाउस’कडे (२०१९) येऊ. आमच्या पिढीच्या डोक्यातला दीपस्तंभ बहुतेक हाच. कृष्णधवल, जवळपास चौकोनी चौकट, विलेम डॅफो आणि रॉबर्ट पॅटिन्सन. फोनवर पाहिला तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि दोन माणसं मधल्या खोक्यात कोंडलेली दिसतात. या गोष्टीला ते शोभूनही दिसतं.

माझ्या प्रश्नाला या चित्रपटाने सगळ्यांत जास्त उत्तरं दिली. पॅटिन्सनचा विन्स्लो पूर्ण वेळ राबतो. ढकलगाडीतून कोळसा ओढतो, फरशी घासतो, पितळ चकचकीत करतो, दोराला लटकून भिंतीला चुना लावतो, रात्रीची घाणेरडी भांडी रिकामी करतो. डॅफोचा वेक घासलेली फरशी बघून परत घासायला लावतो. भोंगा मधूनमधून केकाटत राहतो, तुमच्याही डोक्यात जातो. दीपस्तंभ चालवायला अंगमेहनत लागते हे मला या चित्रपटाने शिकवलं, ते मी नाकारणार नाही.

त्यातला माझा सर्वांत आवडता प्रसंग स्वयंपाकाचा आहे. विन्स्लो सांगून टाकतो की त्याला वेकच्या हातचं आवडत नाही. म्हातारा खरोखर दुखावतो. आपण केलेली शेवंडं याला आवडतात हे त्याला ऐकायचं असतं. ते मिळत नाही म्हटल्यावर तो समुद्रदेवतेला साद घालून लांबलचक शाप देतो. प्रेक्षक हसतात. पण चार मुलांनी मिळून फ्लॅट घेऊन राहिलेल्या कोणालाही हे भांडण ओळखीचं वाटेल. माणसं कोंडली की जेवणावरून, झोपेवरून, घोरण्यावरून भांडतात. वेडाची सुरुवात एखाद्या जलपरीपेक्षा आमटीतल्या मिठावरून व्हायची शक्यता जास्त.

इथून पुढे मात्र माझं आणि एगर्सचं जमत नाही. त्याला मेहनत दिसते, पण त्याच्या चौकटीत मेहनतीचा एकच अर्थ आहे: अपमान. खाली घाण उपसणं आणि वर उजेड असे त्याने दोन मजले केले आहेत. वेक दिवा स्वतःकडे ठेवतो, वरच्या दाराला कुलूप लावतो. विन्स्लोला त्या उजेडाचा ध्यास लागतो. वर जे आहे ते दैवी, गूढ, कामुक. खाली आहे ती हमाली. प्रत्यक्षात वरचा दिवा ही सगळ्यांत जास्त पुसावी लागणारी वस्तू होती. काजळी, काचा, पितळ, तेल. फिरतं भिंग घड्याळासारख्या यंत्रावर चाललं तर वजन खाली उतरायचं आणि ते रात्रभर पुन्हापुन्हा किल्ली फिरवून वर घ्यावं लागायचं. दिव्याजवळ जाणं म्हणजे साक्षात्कार नव्हता, पाळी होती.

या चित्रपटाच्या मुळाशी एक खरी घटना आहे. वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर स्मॉल्स नावाचे खडक आहेत. तिथल्या दीपस्तंभावर १८०१ साली दोघं रखवालदार होते, थॉमस हॉवेल आणि थॉमस ग्रिफिथ. चित्रपटात शेवटी दोघांचंही खरं नाव थॉमस निघतं, ते यावरून. ग्रिफिथ मेला. दोघांचं पटत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. प्रेत समुद्रात टाकलं तर खुनाचा आळ येईल म्हणून हॉवेलने पेटी करून ते बाहेर बांधून ठेवलं. वादळाने पेटी फुटली आणि हात लोंबकळू लागला. हवामानामुळे कित्येक दिवस बोट जवळ येऊ शकली नाही. हॉवेल परतला तेव्हा ओळखू येत नव्हता म्हणतात. पुढे अशा ठिकाणी तिघं ठेवायचा रिवाज पडला.

यातली मला सर्वांत भयंकर वाटणारी गोष्ट लोंबकळणारा हात नाही. हॉवेल रोज दिवा लावत होता. जाणाऱ्या जहाजांना दिवा दिसत होता, म्हणून सगळं ठीक आहे असं धरलं गेलं. आमच्याकडे आळीपाळीने रात्रभर फोन उशाशी ठेवून झोपायची ड्यूटी असते. बहुतेक रात्री कोणीतरी उठून काहीतरी सांधत असतं. सकाळी बाकीच्यांना डॅशबोर्ड हिरवा दिसतो. हिरव्या डॅशबोर्डला कोणी विचारत नाही की रात्री झोप झाली का. माझ्या रात्रींची हॉवेलशी तुलना करणं हा उर्मटपणा होईल. पण कामाची ही तऱ्हा मी ओळखतो: तुम्ही ते जितकं नीट कराल तितके तुम्ही दिसेनासे होता.

एगर्सने या घटनेतून वेड घेतलं आणि दिवा लावत राहणं सोडून दिलं. त्याच्या चित्रपटात शिस्त कोसळते, दारू वाहते, घर चिखलाने भरतं. खऱ्या माणसाने प्रेताशेजारी राहून वात नीट केली. मला विचाराल तर खरी गोष्ट जास्त घाबरवणारी आहे, पण ती दाखवायला दिग्दर्शकाला रोजच्या कामावर भरवसा हवा.

नोंदवहीचा उपयोग मात्र एगर्स नेमका करतो. वेक रोज कुलूपबंद वहीत काहीतरी लिहितो. शेवटी विन्स्लोच्या हाती ती लागते, तर आत त्याच्याविरुद्ध तक्रारी आणि पगार न देता काढून टाकण्याची शिफारस. वर्षाअखेरीच्या कामाच्या मूल्यमापनात न सांगितलेलं वाक्य अचानक वाचायला मिळालं की पोटात जो खड्डा पडतो, तो इथे आहे.

कोरी ओळ

एम. एल. स्टेडमनच्या ‘द लाइट बिट्वीन ओशन्स’ (२०१२) या कादंबरीत तीच वही गोष्टीच्या मधोमध आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेला टॉम शेरबोर्न पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या जेनस रॉक या काल्पनिक बेटावर दिवा सांभाळतो. १९२६ साली एक होडी लागते, त्यात मेलेला पुरुष आणि जिवंत बाळ. लागोपाठ मुलं गमावलेली बायको इझाबेल म्हणते, लगेच कळवू नकोस. टॉम त्या दिवशी वहीत ते लिहीत नाही.

मला हे फार मोठं वाटलं. बाळ ठेवून घेणं हे पाप नंतरचं आहे. पहिली चूक एक कोरी ओळ आहे. युद्धाने विस्कटलेला माणूस नियम आणि नोंदींच्या आधाराने उभा राहिलेला असतो, म्हणून त्या ओळीचं वजन वाचकाला कळतं. स्टेडमनने त्याआधी दिव्याचं काम सावकाश समजावून दिलेलं आहे, ते वर्णन वाटत असलं तरी पुढची सगळी नैतिक उलथापालथ त्याच्या पायावर उभी आहे. डेरेक सिआनफ्रान्सच्या २०१६च्या चित्रपटात सूर्यास्त इतके देखणे आहेत की काम मागे पडतं. मग उरतो एका जोडप्याचा रडवा पेच. तो खरा आहे, पण वहीतल्या त्या ओळीइतका तो टोचत नाही. कादंबरीचाही उत्तरार्ध अश्रूंवर थोडा जास्त विसंबतो. तरी या सगळ्या पसाऱ्यात दीपस्तंभाच्या कामातूनच गोष्ट उगवलेली मला हीच दिसली.

चहा आणि बिस्किटं

शेवटी वाचलं पीटर हिलचं ‘स्टारगेझिंग’ (२००३). १९७३ साली डंडीला चित्रकला शिकणाऱ्या या पोराने स्कॉटलंडच्या तीन बेटांवर, प्लॅडा, एल्सा क्रेग आणि हिस्कीर, रखवालदारी केली. त्याच्याही डोक्यात माझ्यासारखी खिडकी होती. एकांतात कविता लिहू, चित्रं काढू. बेटावर गेल्यावर कळलं की आधी स्वयंपाक शिकायचा आहे, कारण पाळी आली की सगळ्यांसाठी आपणच करायचं. आणि एकांत तर मिळतच नाही. म्हातारे रखवालदार अखंड बोलतात. रात्री पाळी बदलताना उठणाऱ्याला नीट जाग यावी म्हणून चहा-बिस्किटांबरोबर गप्पा मारत बसायची पद्धत.

पुस्तकात मोठं नाट्य नाही. मधेच ते विनोदासाठी विनोद करतं, म्हाताऱ्यांना किंचित जास्त गोड रंगवतं. पण दीपस्तंभ ही एकट्याची नव्हे, हवाली करण्याची जागा आहे, हे मला त्यातून समजलं. मी जागलो, आता तू जाग, मधे थोडा चहा. १९९८ साली ब्रिटनमधला शेवटचा दीपस्तंभही स्वयंचलित झाला. दिवे अजून लागतात. चहा संपला.

हे वाचून मी परत फ्लॅननकडे गेलो आणि जोसेफ मूरपाशी थांबलो. २६ डिसेंबर १९००ला त्याला रिकामे बिछाने दिसले. जहाज बातमी द्यायला परत गेलं, तेव्हा मूर आणि आणखी तिघं बेटावर राहिले, कारण दिवा लावायचा होता. तो लागला. म्हणजे सहकाऱ्यांची घासलेली भांडी घेऊन मूरने त्याच स्वयंपाकघरात काहीतरी शिजवलं असणार. म्युरहेडच्या अहवालात त्याची मनःस्थिती नीट नसल्याचं आणि ती सुधारली नाही तर त्याची बदली करावी लागेल असंही लिहिलं आहे. सरकारी भाषेत लिहिलेली ती काळजी मला सगळ्या जलपऱ्यांपेक्षा आणि सोन्याच्या पेट्यांपेक्षा जवळची वाटते. मूरवर कोणी चित्रपट काढलेला माझ्या पाहण्यात नाही.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर परत एक लिंक आली. बेट वेगळं, समुद्र तोच. पाच-सहा जणांनी नेहमीप्रमाणे राजीनामे टाकले. मी विचारलं, चादरी कोण धुणार?

बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग एकाने लिहिलं, आळीपाळीने.